‘प्रायव्हेट स्कूल’ म्हणजे नक्की कुठली शाळा? फॉर्म भरण्याआधी आणि भाषांतर करण्याआधी हे वाचा

पुतणीच्या फॉर्मवर एक टिक चुकली आणि आमचे तीन आठवडे गेले. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीची फी-सवलत होती, फॉर्ममध्ये विचारलेलं की आधीची शाळा कुठल्या प्रकारची, आणि पर्याय दोनच, एक सरकारी पैशावर चालणारी आणि दुसरा इंडिपेंडंट म्हणजे फी घेणारी. तिची शाळा एका शिक्षण संस्थेची. संस्थेची म्हणजे खाजगीच की, असं मीच तिला ठामपणे सांगितलं आणि तिने दुसऱ्या पर्यायावर टिक केली. काही दिवसांनी मेल आला की तुमचं उत्पन्न तर एवढं कमी दाखवलंय, मग प्रायव्हेट स्कूलची फी कशी भरलीत, खुलासा करा. आता तिच्या शाळेत फी म्हणजे नावापुरती, शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, शाळा शंभर टक्के अनुदानित. मग मुख्याध्यापकांचं पत्र आणा, त्याचं भाषांतर करा, अनुदानाचा पुरावा जोडा, सगळी पळापळ. सवलत मिळाली शेवटी, पण तेवढ्या दिवसांत ती पोरगी किती घाबरली होती ते मी बघितलंय, आणि चूक माझी होती.

त्यानंतर मी शाळांचे दाखले, प्रॉस्पेक्टस, फॉर्म यांची भाषांतरं करायला लागले आणि कळलं की या एका शब्दाने खूप लोकांना गंडवलंय. म्हणून पायरीपायरीने लिहितेय. मुलांना घेऊन दुसऱ्या देशात जाणारे पालक, परदेशी शिक्षणाचे फॉर्म भरणारी मुलं, आणि शिक्षणावर मराठीत लिहिणारे-भाषांतर करणारे, या तिघांनाही उपयोग व्हावा असं बघितलंय.

सुरू करण्याआधी एवढं जवळ ठेवा:

- शाळा सोडल्याचा दाखला (त्यावर बहुतेक वेळा संस्थेचं नाव, मान्यता क्रमांक आणि यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, असतो)
- एखादी फीची पावती, जुनी असली तरी चालेल
- शाळा भारतातली असेल तर ११ आकडी यूडायस कोड
- समोरच्या देशातल्या शिक्षण खात्याच्या साइटवरची शाळांच्या प्रकारांची यादी, आणि ती खात्याचीच हवी, एजंटच्या ब्लॉगवरची नको

१. शब्द नंतर, आधी देश बघा

‘प्रायव्हेट स्कूल’ या शब्दाला जगभर चालेल असा एकच अर्थ नाहीये. सगळीकडे साधारण एवढंच कॉमन आहे की ती शाळा सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था थेट चालवत नाही. याच्या पुढचं सगळं, म्हणजे फी किती, पगार कोण देतं, प्रवेश कसा, अभ्यासक्रम कोणाचा, हे देशादेशाला बदलतं आणि काही ठिकाणी राज्याराज्याला. त्यामुळे वाक्यात हा शब्द दिसला की पहिला प्रश्न, हे कुठल्या देशातलं आहे. देश माहीत नसेल तर अर्थ लावायच्या फंदात पडूच नका, लिहिणाऱ्याला विचारा.

एकाच देशात पण गडबड असते. ब्रिटन म्हणून आपण सगळं एकत्र धरतो पण इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या शिक्षणव्यवस्था वेगळ्या आहेत आणि ‘पब्लिक स्कूल’ हा शब्द तर दोन्हीकडे जवळजवळ उलट अर्थाने वापरला गेलाय.

२. नावातल्या ‘पब्लिक’वर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे जुन्या, महागड्या, फी घेणाऱ्या खाजगी शाळा. ईटन, हॅरो, विंचेस्टर वगैरे. मग त्यांना पब्लिक का म्हणतात? कारण पूर्वी श्रीमंत घरातली मुलं एकतर घरी मास्तर ठेवून शिकायची, नाहीतर ठरावीक गावाच्या किंवा ठरावीक चर्चच्या मुलांसाठीच असलेल्या शाळेत. त्याच्या तुलनेत या शाळा कुठूनही आलेल्या मुलाला उघड्या होत्या, फक्त पैसे भरता यायला हवेत. सगळ्यांना खुली म्हणून पब्लिक. सरकारी म्हणून नाही. आणि गंमत बघा, विंचेस्टर १३८२ ची आणि ईटन १४४० ची, दोन्ही मुळात गरीब हुशार मुलांना फुकट शिकवायला काढलेल्या, ईटनमध्ये तर सत्तर गरीब मुलांची सोय होती. पुढे फी भरणारी मुलं वाढत गेली. १८६१ मध्ये क्लॅरेंडन कमिशन नेमलं गेलं, त्यांनी अशा नऊ शाळांची चौकशी केली आणि १८६८ मध्ये त्यातल्या सात शाळांसाठी ‘पब्लिक स्कूल्स ॲक्ट’ नावाचा कायदाच झाला. तिथून हा शब्द पक्का बसला. आजच्या सरकारी भाषेत तिथे अशा सगळ्या शाळांना ‘इंडिपेंडंट स्कूल’ म्हणतात आणि सरकारी पैशावर चालणाऱ्यांना ‘स्टेट स्कूल’. म्हणजे इंग्लंडमध्ये सगळ्या पब्लिक स्कूल इंडिपेंडंट, पण सगळ्या इंडिपेंडंट शाळांना पब्लिक स्कूल म्हणत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये याच्या उलटं, तिथल्या १९८० च्या शिक्षण कायद्यात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे स्थानिक शिक्षण प्राधिकरणाच्या व्यवस्थापनाखालची शाळा, आपल्या भाषेत सरकारी. जुन्या दगडी इमारतींवर ‘पब्लिक स्कूल’ कोरलेलं असतं ते याच अर्थाने.

अमेरिकेत आणि कॅनडात पब्लिक म्हणजे सरकारी, फी नाही. ऑस्ट्रेलियात रोजच्या बोलण्यात पब्लिक म्हणजे सरकारीच, पण तिथल्या काही जुन्या शाळांच्या खेळाच्या संघटनांच्या नावात ‘पब्लिक स्कूल्स’ आहे आणि त्यातल्या बहुतेक शाळा खाजगी आहेत.

आपल्याकडे तर दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात. ‘दिल्ली पब्लिक स्कूल’ नावाच्या शाळा खाजगी, हा इंग्लंडकडून आलेला वापर. आणि ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या मुंबई महानगरपालिकेच्या शाळा, त्यात सीबीएसईच्या पण आहेत. दोन्ही नावांत पब्लिक, एक संस्थेची आणि एक पालिकेची. त्यामुळे नावावरून काहीही ठरवायचं नाही. ‘इंटरनॅशनल’, ‘ॲकॅडमी’, ‘ग्लोबल’ हे शब्द तर सोडूनच द्या, ती पाटी आहे, प्रकार नाही.

३. प्रत्येक शाळेला चार प्रश्न विचारा, आणि उत्तरं वेगवेगळी लिहा

मी कागदावर चार ओळी काढते आणि प्रत्येक शाळेसाठी भरते. ही सवय लागली तेव्हापासून माझी एकही टिक चुकलेली नाही.

पहिला, शाळा चालवतं कोण? सरकार, पालिका, जिल्हा परिषद, ट्रस्ट, चर्च, कंपनी, की पालकांचं मंडळ.
दुसरा, शिक्षकांचा पगार कोणाच्या खिशातून जातो? हा प्रश्न ‘फी किती’ पेक्षा महत्त्वाचा आहे, कारण शाळेचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचाच असतो.
तिसरा, प्रवेश कोणाला द्यायचा हे शाळा स्वतः ठरवू शकते का?
चौथा, मान्यता कोणाची आणि नियम कोणाचे लागतात?

लोक काय करतात, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘ट्रस्ट’ आलं की उरलेल्या तिन्हींची उत्तरं मनानेच भरून टाकतात. ट्रस्टची ना, मग फी जास्त असणार, मग प्रवेश त्यांच्या मर्जीवर, मग श्रीमंतांची. मी पण पुतणीच्या वेळी हेच केलं. खरं म्हणजे ही चार उत्तरं एकमेकांपासून अगदी सुटी असू शकतात. स्वीडन बघा. तिथे १९९२ च्या सुधारणेनंतर खाजगी शाळांना प्रत्येक मुलामागे सरकारी पैसे मिळायला लागले, अशा शाळेला ‘फ्रीस्कूला’ म्हणतात. चालवणारी चक्क नफा कमावणारी कंपनी असू शकते, पण पालकांकडून फी घ्यायची नाही. कंपनीची शाळा आणि फी शून्य! आता याला एका शब्दात खाजगी म्हणून मोकळं झालात तर वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच चित्र उभं राहील.

याच्या बरोबर उलटं दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या १९९६ च्या शाळा कायद्यात प्रकार दोनच, पब्लिक आणि इंडिपेंडंट, पण पब्लिक म्हणजे सरकारी शाळासुद्धा पालकांच्या सभेत बहुमताने ठरवून फी घेऊ शकते, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना माफीची तरतूद आहे. गरीब वस्त्यांतल्या शाळा मात्र नो-फी. म्हणजे फीची पावती आहे म्हणून शाळा खाजगी, हा हिशोब तिथे चालत नाही.

४. मधला गट ओळखा, सगळा घोळ तिथेच आहे

सरकारी आणि खाजगी अशा दोन पेट्या डोक्यात असतात, पण जगात कितीतरी मुलं या दोन्हींच्या मधल्या शाळांत शिकतात, म्हणजे शाळा चालवते संस्था आणि पैसा सरकारचा. या गटाला प्रत्येक देशात वेगळं नाव आहे आणि ते नाव माहीत नसेल तर तुम्ही अडकता.

नेदरलँड्समध्ये राज्यघटनेच्या कलम २३ ने १९१७ पासून धार्मिक आणि इतर संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने पैसे मिळतात. त्यांना ‘बैझोंडर’ म्हणजे वेगळ्या, खास शाळा म्हणतात. बहुसंख्य मुलं याच शाळांत जातात! तिथल्या माणसाला तुम्ही विचारलंत की तुमचा मुलगा प्रायव्हेट शाळेत जातो का, तर तो नाही म्हणेल, कारण त्याच्या मते प्रायव्हेट म्हणजे ती फीवर चालणारी, थोडकी, वेगळी शाळा.

फ्रान्समध्ये १९५९ च्या दब्रे कायद्याने खाजगी शाळांना सरकारशी करार करता येतो. करार केला की शिक्षकांचे पगार सरकार देतं आणि शाळेला सरकारी अभ्यासक्रम शिकवावा लागतो. यातल्या बहुतेक कॅथलिक शाळा. तिथे फॉर्ममध्ये ‘कराराखालची’ की ‘कराराबाहेरची’ हा प्रश्न असतो आणि नुसतं प्रायव्हेट लिहिलं तर अर्धंच उत्तर होतं.

न्यूझीलंडमध्ये १९७५ च्या कायद्यानंतर बऱ्याच खाजगी शाळा, मुख्यतः कॅथलिक, सरकारी व्यवस्थेत सामील झाल्या. त्यांना ‘स्टेट-इंटिग्रेटेड’ म्हणतात, जमीन-इमारत मालकाची राहते, पगार सरकार देतं, आणि इमारतीसाठी पालकांकडून थोडी रक्कम घेतात. त्या रकमेला फी म्हणत नाहीत, ‘अटेंडन्स ड्यूज’ म्हणतात, तेव्हा पावती बघून गोंधळू नका.

आयर्लंडमध्ये बहुतेक प्राथमिक शाळांचा आश्रयदाता चर्च आहे पण पैसा सरकारचा, आणि त्यांना ‘नॅशनल स्कूल’ म्हणतात, प्रायव्हेट कोणीच म्हणत नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओत कॅथलिक ‘सेपरेट स्कूल’ सरकारी पैशावर चालतात आणि सार्वजनिक व्यवस्थेचाच भाग आहेत. इंग्लंडमधल्या चर्चच्या ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळा स्टेट स्कूलमध्येच मोडतात. बांगलादेशात ‘एमपीओ’ शाळा आहेत, एमपीओ म्हणजे मंथली पे ऑर्डर, बिगरसरकारी शाळा पण शिक्षकांच्या पगाराचा सरकारी वाटा दरमहा येतो.

अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९९१ मध्ये झाला. चालवणारे सरकारबाहेरचे, पैसा सरकारचा, फी नाही, जागा कमी पडल्या तर सहसा लॉटरी. अमेरिकेत याची गणना पब्लिक शाळांत होते, कोणी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं की चार्टर म्हणजे प्रायव्हेट, तरी फॉर्मवर तसं लिहू नका. आणि इंग्लंडच्या ‘ॲकॅडमी’ तर आणखी अवघड, कायद्याच्या भाषेत त्या इंडिपेंडंट आहेत कारण स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात नाहीत, पण पैसा सरकारचा आणि फी नाही, म्हणून रोजच्या वापरात आणि फॉर्मवर त्या स्टेट स्कूल.

५. भारतातली शाळा असेल तर कागद काढा

आपल्याच शाळेबद्दल आपल्याला नीट माहीत नसतं हे मला फार जाणवलं. महाराष्ट्रात किती जण सांगतात की आम्ही सरकारी शाळेत शिकलो, आणि शाळा असते रयत शिक्षण संस्थेची किंवा तशाच कुठल्या संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली, ती सरकारी खातं नव्हे, संस्था आहे. पण पगार अनुदानातून आणि फी किरकोळ म्हणून लोकांच्या मनात ती सरकारी. दुसरीकडे माझ्यासारखे, संस्थेची म्हणजे खाजगी म्हणून परदेशी फॉर्मवर चुकीची टिक करणारे. दोघांचंही अर्धं बरोबर.

कायद्यात काय आहे ते बघा. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, शिक्षक ज्याला एमईपीएस म्हणतात. त्यात खाजगी शाळा म्हणजे सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण सोडून दुसऱ्या व्यवस्थापनाने काढलेली किंवा चालवलेली मान्यताप्राप्त शाळा. म्हणजे इथे फक्त आपला पहिला प्रश्न विचारलाय, चालवतं कोण. त्यामुळे या कायद्यापुरती अनुदानित शाळा पण खाजगीच.

पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आपण आरटीई म्हणतो तो, वेगळी विभागणी करतो. त्यात शाळांचे चार गट: सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या, अनुदान घेणाऱ्या, विशेष प्रवर्गातल्या म्हणजे केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिक शाळा अशा, आणि विनाअनुदानित. इथे पैशाचा प्रश्न पुढे आला. गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून राखलेल्या ज्या २५ टक्के जागांसाठी पालक ऑनलाइन अर्ज भरतात ती तरतूद विनाअनुदानित शाळांना लागते, अल्पसंख्याक शाळा सोडून, त्यांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हा कायदाच लागत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात नियम बदलला होता, की जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला या जागा ठेवायची गरज नाही. मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला. अनुदानित की विनाअनुदानित या एका शब्दावर एवढी मुलं अवलंबून असतात, म्हणून मी याच्या इतकी मागे लागते.

महाराष्ट्रात पाट्यांवर आणि कागदांवर दिसणारे शब्द असे: अनुदानित (पगार सरकारकडून), अंशतः अनुदानित (२०, ४०, ६० टक्के असे टप्पे, म्हणून ‘टप्पा अनुदान’), विनाअनुदानित, जुन्या कागदावर ‘कायम विनाअनुदानित’ (पुढेही अनुदान मागणार नाही या अटीवरची), आणि नवीन शाळा असेल तर ‘स्वयंअर्थसहाय्यित’ (स्वतःच्या पैशावर चालणारी), त्यांच्यासाठी २०१२ चा वेगळा कायदा आहे. परदेशी फॉर्मवर अंशतः अनुदानित आली तर एका टिकेत बसवायला जाऊ नका, जोडपत्र द्याच.

तुमची शाळा कुठल्या गटात, हे बघायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे यूडायस प्लसच्या साइटवर ‘नो युवर स्कूल’मध्ये कोड टाकायचा, तिथे मॅनेजमेंट या रकान्यात प्रकार लिहिलेला असतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता भारतातले नेहमीचे सापळे.

मान्यता आणि संलग्नता एकच नाहीत. मान्यता सरकारकडून, शाळा चालवायची परवानगी. संलग्नता बोर्डाकडून. शाळेने सीबीएसईचा बोर्ड लावला म्हणजे ती खाजगी असं काही नाही, केंद्रीय विद्यालयं सीबीएसईचीच आहेत आणि केंद्र सरकारची आहेत. तसंच इंग्रजी माध्यम म्हणजे खाजगी हे पण डोक्यातून काढा.

विनाअनुदानित आणि विनापरवाना यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विनाअनुदानित म्हणजे मान्यता आहे, पैसे सरकारचे नाहीत. मान्यताच नसेल तर ती अनधिकृत शाळा, आरटीईच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवताच येत नाही. प्रवेश घेताना मान्यतेचं पत्र दाखवा म्हणा, लाजू नका. मूल दहावीला गेल्यावर कळण्यापेक्षा आधी दोन मिनिटं वाईट वाटलेलं बरं.

आणि ‘मी दहावी प्रायव्हेट केली’ या वाक्याचा शाळेशी संबंधच नाही. त्याचा अर्थ १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. मी एकदा एका मुलाच्या अर्जात हे वाक्य ‘प्रायव्हेट स्कूलमध्ये शिकला’ असं केलेलं बघितलं, सुदैवाने सबमिट व्हायच्या आधी. याला ‘प्रायव्हेट कँडिडेट’ किंवा ‘एक्स्टर्नल कँडिडेट’ लिहायचं. घरी मास्तर ठेवले तर ती खाजगी शिकवणी, ती पण वेगळी गोष्ट.

६. आकडेवारी वाचताना आधी व्याख्या शोधा

अमुक देशात इतके टक्के मुलं प्रायव्हेट शाळेत, असं वाचलं की लगेच तुलना करू नका. युनेस्को विभागणी करते ती नियंत्रणावरून, म्हणजे शेवटचा निर्णय कोणाच्या हातात आहे यावरून, पैसा कोणाचा हे बघत नाही. ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना, एक पाऊल पुढे जाते आणि प्रायव्हेटचे दोन भाग करते: ज्यांचा मूळ खर्च निम्मा किंवा जास्त सरकारकडून येतो त्या सरकारावर अवलंबून खाजगी, आणि बाकीच्या स्वतंत्र खाजगी. त्यामुळे नेदरलँड्स एका तक्त्यात प्रायव्हेटने भरलेला देश दिसतो आणि तिथे राहणाऱ्याला ते पटतच नाही. दोघांचंही खरं आहे, व्याख्या वेगळी आहे. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात टीप असते, ती वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

७. मराठीत लिहिताना कुठला शब्द घ्यायचा

हा भाग भाषांतर करणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढच्या पायरीवर गेलात तरी चालेल.

पब्लिक स्कूलचं ‘सार्वजनिक शाळा’ करू नका. डिक्शनरीत पब्लिक म्हणजे सार्वजनिक दिसतं म्हणून लोक करतात, पण मराठीत सार्वजनिक म्हणजे सरकारी नाही, सगळ्यांसाठी खुलं. सार्वजनिक वाचनालय बघा, ते एखादी संस्था चालवते, सरकारकडून थोडं अनुदान घेते. म्हणजे आपला ‘सार्वजनिक’ हा अमेरिकन पब्लिकपेक्षा जुन्या इंग्लिश पब्लिकच्या जास्त जवळचा आहे! अमेरिकेचा संदर्भ असेल तर सरळ ‘सरकारी शाळा’ लिहा, इंग्लंडचा असेल तर ‘पब्लिक स्कूल’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात सांगा की ही फी घेणारी जुनी खाजगी शाळा.

इंडिपेंडंट स्कूलचं ‘स्वतंत्र शाळा’ केलं तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही, कशापासून स्वतंत्र? मी ‘सरकारी मदत न घेणारी खाजगी शाळा’ असं लांबलचक लिहिते, पण आधी ती मदत खरंच घेत नाही ना ते बघून. ऑस्ट्रेलियात इंडिपेंडंट शाळांनाही सरकारी पैसे मिळतात, तिथे हे लांबलचक वाक्य चुकीचं ठरेल.

‘प्रेप स्कूल’ पण सांभाळून. इंग्लंडमध्ये ती लहान मुलांची, साधारण ११ किंवा १३ वर्षांपर्यंतची खाजगी शाळा. अमेरिकेत कॉलेजची तयारी करून घेणारी मोठ्या मुलांची शाळा.

खाजगी की खासगी, दोन्ही चालतात, एका लेखात एकच ठेवा. शब्द ‘खास’वरूनच आलाय, राजघराण्याच्या स्वतःच्या मालमत्तेला पण खासगी म्हणायचे. त्यामुळे कानाला ‘कोणाच्या तरी मालकीचं’ असा वास येतो, आणि इथेच सावध व्हायचं, कारण भारतात शाळा सहसा ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीच चालवते, दुकानासारखी एका माणसाच्या मालकीची नसते. म्हणून अनुदानित शाळेला मी मराठीत ‘खाजगी अनुदानित’ असं पूर्ण लिहिते आणि शक्य असेल तिथे ‘संस्थेची शाळा’ म्हणते, आपल्याकडे लोक बोलतात तसं.

ही अडचण फक्त आपली नाही बरं का. जपानीत खाजगी शाळेला ‘शिरित्सु’ म्हणतात आणि महापालिकेच्या शाळेला पण ‘शिरित्सु’, लिहिताना अक्षरं वेगळी पण उच्चार एकच. म्हणून बोलताना घोळ नको म्हणून लोक मुद्दाम ‘वाताकुशिरित्सु’ आणि ‘इचिरित्सु’ असं वेगळं करून म्हणतात. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. आपण पण मुद्दाम वेगळं करून म्हणायला काय हरकत आहे.

८. फॉर्म भरताना

फॉर्ममध्ये शाळेचा प्रकार विचारला की आधी त्या फॉर्मची मदत-टीप उघडा, प्रत्येक पर्यायाची व्याख्या बहुतेक वेळा तिथे असते. मग स्वतःला विचारा की हा प्रश्न ते का विचारतायत. फी-सवलत किंवा स्कॉलरशिप असेल तर त्यांना कळायचं असतं की घरच्यांनी शाळेवर किती खर्च केला, म्हणजे त्यांचा रोख आपल्या दुसऱ्या प्रश्नावर आहे, पैशावर. शाळा खरी आहे का हे तपासत असतील तर रोख चौथ्यावर, मान्यतेवर. ब्रिटनमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी अर्जदार कुठल्या शाळेतून आला हे निवड करताना लक्षात घेतात, तिथे चुकीची टिक तुमच्या विरोधात जाऊ शकते, आणि मुद्दाम सोयीची टिक केली तर ती खोटी माहिती ठरते, ते तर अजिबात करू नका.

अनुदानित शाळा असेल आणि पर्याय दोनच असतील, सरकारी पैशावरची आणि फीवरची, तर पहिल्यावर टिक करा. ‘इतर’ असा पर्याय असेल तर तो निवडून खाली लिहा. काहीच जमत नसेल तर टिक करण्याआधी त्यांना मेल करा, उत्तर यायला दोन-चार दिवस लागतात म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

सोबत मुख्याध्यापकांच्या पत्रात हे चार मुद्दे असले की पुन्हा प्रश्न येत नाहीत, मी हाच मजकूर वापरते, तुम्ही पण घ्या:

“आमची शाळा (संस्थेचं नाव) या नोंदणीकृत संस्थेमार्फत चालवली जाते. शाळेला राज्य शासनाची मान्यता असून यूडायस क्रमांक (…) आहे. शाळेतील मंजूर पदांवरील शिक्षकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून दिले जाते. विद्यार्थिनीने इयत्ता (…) ते (…) या काळात वार्षिक (…) रुपये शुल्क भरले आहे.”

विनाअनुदानित असेल तर तिसरं वाक्य काढून ‘शाळा शासनाकडून वेतन अनुदान घेत नाही’ असं लिहायचं, आणि मूल आरटीईच्या २५ टक्क्यांतून शिकलं असेल तर ते न विसरता टाकायचं, कारण शाळा फीवाली असली तरी या मुलाने फी भरलेली नाही आणि समोरच्याला हे कुठूनही कळणार नसतं. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्का, तारीख आणि जावक क्रमांकासह घ्या, दोन मूळ प्रती मागा, आणि शाळेला मे महिन्याच्या सुट्ट्या लागायच्या आत जा, आम्हाला ते पत्र मिळायला जो उशीर झाला तो निम्मा सुट्टीमुळेच झाला होता.